निर्जन

"इथे खाली माझ्या बापाचं घर आहे," मी म्हटलं.

होडी दुधनीच्या पाण्यात मधोमध होती. कंपनीची सहल होती. मुंबई, पुणे, नाशिककडचे इंजिनिअर, त्यांच्या बायका, मुलं, आणि ऑफिसातल्या आम्ही दोघी-तिघी. एका बाईंनी मला सहज विचारलं होतं, "तू इथलीच ना गं? गाव कोणतं तुझं?" मी धरणाच्या पाण्याकडे बोट दाखवलं होतं.

एचआरचे आमचे साहेब पुण्याचे. ते पटकन म्हणाले, "अरे वा! मग मार बुडी आणि चहा टाक. आम्ही आलोच."

होडी हसली. होडीवालाही हसला, आणि तो तर आमच्यातलाच. एकदा हशा मिळाला की साहेबांना थांबवत नाही. "आणि घर म्हणजे काय गं, कुडाचंच ना? ते आज इथे, उद्या तिथे. तुमचं काय, फिरतं गाव!"

मला राग आला. गप्प बसले. पगार त्यांच्या सहीनं निघतो.

मी वारली. मराठी शाळेत शिकले, सिल्वासात कॉलेज केलं, कंपनीच्या ऑफिसात लागले. साहेबांच्या केबिनमध्ये भिंतभर वारली चित्र आहे. पाहुणे आले की साहेब चित्र दाखवतात, म्हणतात, "अस्सल आहे." मग मी फाइल घेऊन आत गेले की माझ्याकडे बघून म्हणतात, "ही पण अस्सल." पाहुणे हसतात. मी फाइल ठेवते आणि बाहेर येते. असं किती वर्षं चाललं होतं. पण 'फिरतं गाव' हे मात्र घशात अडकलं. धड गिळवेना, धड थुंकवेना.

त्या दिवसापासून मला चैन पडेना. जेवताना, बसमध्ये, ऑफिसात कोणाचं लक्ष नसताना मोबाइलवर नकाशा उघडायचा. दुधनीपाशी निळं. बोटांनी मोठं करायचं. आणखी निळं. निळ्याच्या आत काही दिसतंय का म्हणून डोळे फोडायचे. शेजारची पोरगी म्हणाली, "काय शोधतेस एवढं, नवरा?" तिला काय सांगणार!

बाला विचारलं. बा म्हणजे माझा बाप. धरणाचं पाणी चढलं आणि पाडा उठला तेव्हा तो पोरसवदा होता. आता किलवणीच्या बाजूला आमची वस्ती आहे, तिला मोहपाडा म्हणतात.

"बा, आपलं जुनं घर नक्की कठं होतं?"

"मोहपाड्याला."

"अरे, मोहपाडा तर हाच."

"हा दुसरा. तो तठं." त्यानं हनुवटीनं डोंगराकडे दाखवलं. डोंगराकडे म्हणजे सगळीकडेच.

मग मी कचेऱ्या पालथ्या घातल्या. रजा टाकून. दप्तरात मोहपाडा होता, पण आत्ताचा. कारकून भला माणूस होता, त्यानं दोनदा बघितलं. "बेन, मोहपाडा तो यही है, जहाँ आप रहते हो. उधर तो पानी है." पाण्याचा पट्टा त्याच्या नकाशावरही निळाच होता.

त्यानंच मला डोकमर्डीच्या एका म्हाताऱ्याचा पत्ता दिला. खानदेशातून आलेले, जमीन मोजणीच्या नोकरीत जन्म गेलेले. ते काका बनियनवर बाहेर आले, माझं ऐकलं आणि म्हणाले, "बाई, पाड्याचं नाव तुम्ही संगती घेऊन गेले ना. मग कागदावर तिथं काय राहील?"

खरंच होतं. आमची माणसं उठली तेव्हा भांडी घेतली, कोंबड्या घेतल्या, देव घेतले आणि नावही घेतलं. नवीन जागी गेल्यावर तेच नाव लावलं. दुसरं कोणतं लावणार? आणि आता तेच नाव आमच्या विरुद्ध साक्ष देत होतं. पुराव्यानं सिद्ध झालं असतं की आम्ही कायम किलवणीकडेच होतो. स्वतःच्या हातानं स्वतःचा माग पुसला की आम्ही.

काकांनी कपाटामागून एक प्लास्टिकचा पाइप काढला. त्यात नकाशाच्या नकला होत्या. एक फिरंग्यांच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या वेळचा. तेव्हा इथे धरण नव्हतं, नदी होती. नदीला वळणं होती. मी पहिल्यांदाच बघत होते. काठावर एक काळा चौकोन, त्याच्या शेजारी फिरंगी अक्षरात नाव. काका म्हणाले, "सावकाराचं घर."

"आणि हे ठिपके?"

"झोपड्या."

ठिपके नदीच्या दोन्ही अंगांना होते. इकडे काही, वर डोंगराला काही. एकाही पुंजक्याला नाव नव्हतं. मोजणी करणारा आला असेल, सावकाराच्या ओसरीवर बसला असेल, तिथून पेन टोचत गेला असेल. माझे पणजोबा, पणजी म्हणजे पेनाची टोकं.

नक्कल घेऊन घरी आले. बाच्या पुढे पसरली. त्यानं ती उलटी केली, सुलटी केली, मग माझ्याकडे ढकलली. "मना नाय समजत."

"मग तू नुसतं सांग. सकाळी काय दिसायचं?"

तो म्हणाला, "आयसोबत पान्याला जायचो. ऊन डोल्यावर यायचं. न् नदीपल्याड सावकाराचं कौलाचं घर दिसायचं. त्याच्याकडं बघायचं नाय, आस आय सांगायची."

सकाळचं ऊन डोळ्यावर, म्हणजे नदी उगवतीला. घर मावळतीच्या काठाला. समोर सावकार. मी बोट चौकोनावरून नदी ओलांडून अलीकडे आणलं. तिथे ठिपक्यांचा एकच पुंजका होता. दुसरं काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी काकांना दाखवलं, त्यांनीही मान डोलावली. मला रडू आलं आणि संतापही आला. आम्हाला सापडायलासुद्धा सावकाराचंच घर लागलं.

त्याच सुमारास साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. कंपनी दुधनीला पाण्याकाठी बाग करत होती. बाक, फुलझाडं आणि एक मोठा फलक. फलकावर या जागेचा इतिहास. मजकूर साहेबांनी स्वतः लिहिला होता. मी तो तपासायचा आणि उद्घाटनाला वाचायचा, आमचं लुगडं नेसून. "तुझं मराठी फार शुद्ध आहे गं," ते म्हणाले. "तुमच्यातली असून."

मी कागद घेतला. पहिलंच वाक्य होतं, 'एकेकाळी हा सारा परिसर म्हणजे निर्जन अरण्य होते.'

मजकुराभोवती चौकट होती. चौकटीत वारली चित्रं. हातात हात घेतलेली माणसं, तारपा वाजवणारा, डोक्यावर हंडा घेतलेल्या बाया. चारी बाजूंनी माणसं आणि मधोमध निर्जन!

"साहेब, हा शब्द काढावा लागेल."

"कुठला?"

"निर्जन. तिथे माणसं राहत होती." पर्समधून नक्कल काढून मी टेबलावर ठेवली. "हा आमचा पाडा."

त्यांनी चष्मा वर करून बघितलं. "कुठे? हे? अगं, हे झेरॉक्सचे डाग आहेत."

डाग.

होडीत मी गप्प बसले होते, इथे बसवेना. "ते डाग नाहीत. माझा आजा आहे तो."

"फार मनाला लावून घेतेस तू. एक शब्द आहे. भाषेत सौंदर्य लागतं थोडं."

"मग मी वाचणार नाही."

"दुसरी वाचेल," साहेब म्हणाले आणि फोन उचलला.

ज्याचं जळतं त्याला कळतं, हे खरं. पण ज्याचं जळत नाही त्यानं निदान राख तरी झटकू नये. मी घरी गेले आणि बाला म्हटलं, रविवारी दुधनीला जायचंय, चांगला सदरा घाल.

उद्घाटनाला मंडप होता. मी रोजच्या ड्रेसमध्ये गेले, बाला घेऊन, आणि दोघं पहिल्या रांगेत बसलो. साहेबांनी बघितलं, हसले. नव्यानं लागलेल्या एका मुलीला लुगडं नेसवलं होतं. नाशिकची होती बिचारी, ते तिला सावरताही येत नव्हतं. ती माइकवर वाचायला लागली. "एकेकाळी हा सारा परिसर म्हणजे निर्जन अरण्य होते."

बा माझ्याकडे वळला. त्याला हळू बोलता येत नाही, कान गेलेत. "निर्जन म्हंजे काय गं?"

मुलगी थांबली. मंडपात सगळ्यांनी ऐकलं होतं. मी हळू सांगू शकले असते. नाही सांगितलं. मोठ्यानं म्हटलं, "म्हणजे तठं कोणी नव्हतं, बा. तू नव्हतास. तुझी आय नव्हती."

"आसं?" बा म्हणाला. आणि पाण्याकडे बघत राहिला. भांडण नाही, काही नाही. अंगणात उभ्या माणसाला तू इथे नाहीस म्हणावं आणि त्यानं ते मान्य करावं, तसं. ते मात्र मला सोसलं नाही. मी उठले.

"साहेब," मी म्हटलं, "हा माणूस त्या पाण्याखाली जन्मलाय. आता तुम्ही वाचा. ह्याच्याकडे बघून वाचा."

साहेबांनी वाचलं नाही. माइक बंद झाला, टाळ्या सुरू झाल्या, समोसे आले. समोसे घेताना कोणी आमच्याकडे बघत नव्हतं. बानं दोन खाल्ले.

सोमवारी केबिनमध्ये साहेबांनी दार लावून घेतलं. "माफी माग, विषय संपवू. नाहीतर मला विचार करावा लागेल." मी म्हटलं, विचार करा. त्यांनी केला. आता मी ऑफिसात नाही, स्टोअरमध्ये नटबोल्ट मोजते. पुढे काय करतील माहीत नाही.

फलक तिथेच आहे. शब्दही तिथेच आहे. मी सुट्टीच्या दिवशी जाते आणि फलकाशेजारी नक्कल घेऊन उभी राहते. लोक फोटो काढायला येतात, त्यांना ठिपके दाखवते. मोहपाडा दाखवते. वस्तीतल्या दोघी-तिघी आता सोबत येतात. त्यांनी आपापले ठिपके शोधून घेतलेत आणि शेजारी पेनानं नावं लिहिलीत. परवा कंपनीचा सुरक्षारक्षक आला. म्हणाला, साहेबांनी सांगितलंय, इथे उभं राहायचं नाही.

धरणाच्या वेळी बाला 'ऊठ' म्हणाले, तो उठला. आता मला म्हणून बघा.