मागचा जिना मोकळा ठेवणारे अण्णा

कागलजवळच्या खेड्यातून मी बांधकाम खात्यात आरेखक म्हणून रुजू झालो. पहिल्याच दिवशी इमारत निरीक्षक श्री. बाळगोंडा मगदूम, म्हणजे आपल्या सर्वांचे अण्णा, यांनी माझ्यापुढे एका चार मजली इमारतीचा नकाशा पसरला आणि विचारले, "पुढच्या जिन्यात आग लागली, तर तिसऱ्या मजल्यावरनं कुठनं पळशील?"

मी गावाकडचे उत्तर दिले, "मागच्या दारानं, परड्यातनं."

शेजारचे हसले. अण्णा हसले नाहीत. "बरोबर. पण तिसऱ्या मजल्याला परडं कुठलं? म्हणून मागचा जिना."

आग विझवण्याआधी माणूस बाहेर पडला पाहिजे, हे अण्णांच्या कामाचे सूत्र. मागच्या जिन्याशिवाय उंच इमारतीचा नकाशा त्यांनी कधी पुढे जाऊ दिला नाही. एक घरमालक कुरकुरले, "अण्णा, हे तर चोराला वाट केल्यासारखं हाय." अण्णा म्हणाले, "चोर येऊ दे की. माणसं तरी जातील."

जिना बांधून घेणे सोपे. तो मोकळा ठेवणे अवघड. शहरातल्या शाहूपुरीत मी आईला घेऊन तिसऱ्या मजल्यावर राहत होतो. तिथे प्रत्येक बिऱ्हाडाने आंघोळीच्या पाण्याचा तांब्याचा बंब मागच्या जिन्यात मांडला होता. घरात धूर नको, एवढाच विचार. वळणावळणाला निखारे आणि जळणाच्या शेणींचे ढीग. माझ्या आईला अर्धांगवायू झालेला. तिला उचलूनच न्यावे लागे. अण्णा तिच्या समाचाराला मुद्दाम त्या जिन्याने आले, आणि वर पोहोचेपर्यंत त्यांचे धोतर काळे झाले होते.

नोटीस काढणे त्यांच्या हातात होते. ती न काढता त्यांनी रविवारी सगळ्या बिऱ्हाडांना अंगणात बोलावले. दुसऱ्या मजल्यावरच्या पारूमावशी कडाडल्या, "मग पाणी काय डोक्यावर तापवायचं, सायेब? देवाला पारोशानं हात लावू व्हय?"

"हितं खाली तापवा, मावशी. पण हे बंब उचला. न्हाय तर दुसरा बंब बोलवावा लागंल, लाल, घंटा वाजवत येणारा."

"आन् बादल्या वर कोण न्हेणार? तुमी?"

"व्हय, मी."

सगळे हसले. अण्णांनी मालकाला गळ घालून कुंपणाच्या भिंतीशी पत्र्याची पडवी उभी करून घेतली, आणि बंब खाली आले त्या सकाळी ते खरोखरच हजर झाले. त्यांच्या हातात आपली बादली पाहून मावशी ओरडल्या, "ठेवा खाली, सायेब! लाज काढता व्हय आमची?" दुसऱ्या दिवसापासून मावशींचा थोरला मुलगा शंकर बादल्या नेऊ लागला, माझ्या आईचीही.

त्याच उन्हाळ्यात एका दुपारी पहिल्या मजल्यावर स्टोव्ह भडकला. मी कचेरीत होतो. निरोप येताच अण्णा आणि मी सायकलींवरून निघालो. पुढच्या जिन्यातून काळाकुट्ट धूर येताना दिसला. माझ्या तोंडात दत्ताचे नावही येईना. अण्णांनी माझा दंड धरून मला मागच्या अंगाला नेले.

तिथे कडुलिंबाखाली आई खुर्चीत बसली होती. शंकर आणि शेजाऱ्यांनी तिला खुर्चीसकट खाली आणले होते. सगळी बिऱ्हाडे सुखरूप होती. पारूमावशी अण्णांना म्हणाल्या, "कुठंबी अडलो न्हाय बघा, सायेब." अण्णा जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसले आणि त्यांनी पाणी मागितले. मी पाया पडायला वाकलो, तर म्हणाले, "ते वाडीला जाऊन पड."

मी नृसिंहवाडीला दत्ताच्या दर्शनाला गेलो, अजूनही जातो. आई त्यानंतर पुष्कळ वर्षे जगली, तिने नातवंडांना मांडीवर घेतले, आणि आपल्या अंथरुणावर, आपल्या माणसांत शांतपणे गेली.

अण्णांची साठी पूर्ण होत आहे. त्यांच्यामुळे ज्यांचे आयुष्य वाढले, त्यांतल्या कितीतरी जणांना ते ठाऊकही नाही. मला ठाऊक आहे. म्हणून त्या सर्वांच्या वतीने मी दत्तचरणी मागतो, की अण्णांना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो.