काकडीचं उष्टं पाणी

वापरलेलं पाणी नावाची वस्तू आमच्या साडूंच्या जगात नाहीच. तिथे असतं ते फक्त पुन्हा वापरायचं राहिलेलं पाणी. इंझोरीला त्यांच्या घरी जा, टेकायच्या आत तुमच्या हातात अर्धा पेला येतो. पूर्ण मागितलात तर म्हणतात, "आधी हा संपवा, साडभाऊ. तहान उरली त अर्धा आनखी देतो." कारंज्याच्या एका लग्नात जेवणं उरकली तशी या गृहस्थांनी पंगतीतल्या पेल्यांमधलं उरलेलं पाणी बादलीत जमवलं आणि मांडवाच्या दारातल्या केळीच्या खांबांना घातलं. खांब त्याच सकाळी तोडून आणून बांधलेले होते, पण हे त्यांना सांगायची व्याह्यांचीही हिंमत झाली नाही.

अशा माणसानं पॉलिहाऊस उभारलं आणि त्यात मातीच ठेवली नाही, यात नवल ते काय! काकडीची झाडं नारळाच्या भुशाच्या पिशव्यांत. नळीतून खताचं पाणी थेंबथेंब पडतं, झाड हवं तेवढं पितं, उरलेलं खालच्या पन्हाळीतून टाकीत जमतं. दुसरा कुणी ते सोडून देईल. साडू ते ताज्या पाण्यात मिसळून पुन्हा झाडांना पाजतात. खारटपणा मोजायचं यंत्र खिशात असतं, तरी आधी बोट बुडवून जिभेला लावतात, मग यंत्र बुडवतात, आणि दोघांचं जुळलं नाही तर यंत्र झटकून म्हणतात, "याचा सेल गेला वाटते."

मालेगावच्या बाजारात त्यांच्या काकड्या हातोहात जातात. खात नव्हती ती एकटी त्यांची आई. "येका झाडानं पेऊन टाकलेलं पानी दुसऱ्याले काहून पाजतं, बाबू? उष्टं पानी ते. माह्या उपासाले तुही काकडी नाई चालत." सगळ्या गावानं हार घातले असते तरी साडूंना ते नको होते. मायनं आपली एक काकडी खावी, एवढंच त्यांना हवं होतं. दर एकादशीला ते एक सोलून तिच्यापुढे ठेवत, आणि ती दर एकादशीला ताटली बाजूला सारी.

यंदा मात्र घात झाला. एका ओळीतली झाडं माना टाकू लागली. पिशवी फाडून बघितली तर मुळं तपकिरी, बुळबुळीत. रोग त्या ओळीचा, पण तिचं पाणी टाकीत आणि टाकीतलं सगळ्यांना! उरलेलं पीक वाचवायचं तर भरलेली टाकी सोडून देणं भाग होतं. साडू कॉकवर हात ठेवून उभे. मी म्हटलं, "सोडा."

"सोडून राह्यलो ना," ते म्हणाले, आणि हात काही हलेना. शेवटी मान फिरवून त्यांनी कॉक उघडला. पाणी पडीक जागेतल्या गवतात शिरलं. दारात माय उभी होती. आता हिच्याकडून ऐकावं लागणार, असं मला वाटलं, पण ती गवतात जिरणारं पाणी बघत राहिली.

पुढे टाकीच्या अलीकडे एक ड्रम आला. तळाला गिट्टी, वर बारीक रेती. पाणी त्यातून इतकं सावकाश झिरपतं की साडूंसारख्या उतावळ्या माणसाचा अंतच बघावा. मायनं विचारलं, "हे कायले बसवलं?"

"झाडाचं पानी रेतीतून गाळून घेतो, माय. रोग वरच अटकते."

तिनं खालच्या नळीखाली ओंजळ धरली, पाणी नीट निरखलं. "म्हंजे आंग धुवून आनतं त्याले! मंग हे आधी काहून नाई केलं, बाबू?"

पुढच्या एकादशीला तिनं स्वतःच्या हातानं काकडी तोडली. न सोलता कडकन चावली. अर्धी खाल्ली आणि उरलेली लेकाच्या हातात दिली. "घे. उष्टी हाय माही."

पाण्याचा थेंब वाया न घालवणाऱ्या त्या माणसानं ती देठासकट खाल्ली. डोळे भरून आले होते, ते पुसायचंही त्याला सुचलं नाही. माझी आई जाऊन बरीच वर्षं झाली. त्या अर्ध्या काकडीचा मला फार हेवा वाटला.