सरांच्या तिथी लायब्ररीबाहेरच राहिल्या

एका प्रोग्रामिंग भाषेच्या स्टँडर्ड लायब्ररीत नवीन काय घ्यायचं, हे आम्ही सात जण ठरवतो. बाकीचे जगभर पसरलेले, मी ग्वाल्हेरात. भाषा संगणकावर घेतली की तिच्याबरोबर जे सामान आपोआप येतं, ती ही लायब्ररी. एकदा आत घेतलेलं सहसा बाहेर काढता येत नाही. लोकांची कामं त्यावर उभी राहतात. म्हणून मी आधी नाही म्हणते.

ज्या सरांनी मला प्रोग्रामिंग शिकवलं, त्यांनी निवृत्तीनंतर तारखेवरून तिथी काढणारं पॅकेज लिहिलं. ते त्यांना लायब्ररीत हवं होतं. डायलिसिस सुरू झालं होतं. आपल्यामागे हे काम टिकावं, एवढंच त्यांचं म्हणणं.

मी किला गेटला त्यांच्या घरी गेले. तिथी बरोबर येत होत्या, पण महिने फक्त आपले, अमावास्येला संपणारे; हिंदीवाल्यांचे पौर्णिमेला संपतात.

"सर, तुमचा भाद्रपद वद्य म्हणजे समोरच्या हिंदी घरातला आश्विन. पितृपक्षात त्यांनी हे वापरलं तर?"

"त्यांचा महिना चुकतो, त्याला मी काय करू?"

काकू चहा ठेवत म्हणाल्या, "जन्मभर समोरच्यांशी हेच भांडण. आता कॉम्प्युटरला पण लावलंय."

सर हसले. मी म्हटलं, "दुरुस्त करा, मग बोलू."

त्यांनी केलं. डायलिसिसच्या मधल्या दिवसांत बसून दोन्ही पद्धती घातल्या. काम चोख होतं. मग मी दुसरा नियम सांगितला: सांभाळणारी माणसं किमान दोन लागतात.

"दुसरी तू है ना!"

"मी नाही."

"अगं, नुसतं नाव तर टाकायचंय."

"नाव टाकलं की चुका निस्तराव्या लागतात. सर, तुम्ही अजून किती दिवस आहात?"

काकू उठून आत गेल्या. सर म्हणाले, "डॉक्टरनंसुद्धा असं नाही विचारलं."

आमचे निर्णय कारणासकट सगळ्यांना वाचता येतील असे लिहिले जातात. सातांच्या वतीनं मी लिहिलं: नामंजूर. सांभाळणारा एकच, तोही गंभीर आजारी.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. "नाही म्हणालीस, ठीक आहे. पण ते आजाराचं काढून टाक, बेटा. माझे विद्यार्थी वाचतात."

लिहिलेलं कारण बदलायचं नाही, असा आमचा रिवाज आहे. बाकीच्या सहा जणांना विचारलं असतं तर कुणी हरकत घेतली नसती. मी विचारलं नाही.

सर दिवाळीआधी गेले. पुढे भाषेची नवी आवृत्ती आली आणि त्यांचं पॅकेज बंद पडलं. वापरणारे अजून लिहितात, कुणीतरी दुरुस्त करा. सांभाळणारा नाही, हे मी आधीच सांगितलं होतं, आणि माझं बरोबर होतं. बिघाड कुठे आहे ते मी पाहिलंय. दोन ओळी बदलल्या की चालेल. मी बदललेल्या नाहीत.