चालू औषधं : निल

डॉक्टरसाहेबांनी माझी पिशवी बुटाच्या टोकानं खाटेखाली सारली.

पिशवीत माझी फाइल होती. नागपूरचे तीन वर्षांचे कागद. सिस्टरनं सलाइनचा स्टँड लावताना पिशवी उशाजवळून उचलून खाली ठेवली आणि राउंडला आलेल्या साहेबांच्या पायात आली. कागद फरशीवर पसरले. माझी बायको रंजना गुडघ्यांवर बसून ते गोळा करत होती आणि साहेब तिच्या डोक्यावरून माझ्याशी बोलत होते.

"दारू किती पितोस?"

"पीत नाई, साहेब."

"तुमच्या लोकांत न पिणारा पहिल्यांदाच पाहतोय."

साहेबांच्या हाताखालचा छोटा डॉक्टर हसला. सिस्टर हसली. आणि सांगायला लाज वाटते, मीसुद्धा हसलो. पोटात कळा येत होत्या, दोन दिवस उलट्या चालू होत्या, तरी हसलो. त्या हसण्याचा मला आजही राग येतो.

तुमचे लोक म्हणजे गोंड. आडनाव वाचलं की लोकांना आमच्याबद्दल सगळं माहीत असतं. दाखल करून घेताना खिडकीवरच्या माणसानंही विचारलं होतं, "जंगलातले काय?" मी नालवाडीत राहतो. वर्धा स्टेशनच्या स्टँडवर ऑटो चालवतो. नालवाडीत जंगल नाही, डास आहेत. दहावी पास आहे. तरी संमतीच्या कागदाआधी माझ्यापुढं अंगठ्याचं शाईपॅड आलं.

माझा आजार आतड्याचा. क्रोन्स म्हणतात. शरीराची रोगाशी लढणारी ताकद चुकून आपल्याच आतड्यावर धावून जाते. दिवसातून बारा-पंधरा वेळा जावं लागायचं, रक्त पडायचं. सवारी घेऊन निघायचो आणि अर्ध्या रस्त्यात ऑटो थांबवून पळायचो. स्टँडवरची पोरं मला लोटाशेठ म्हणायची. त्यांचं मी मनावर घेतलं नाही, कारण माझी सवारी चुकली तर तीच पोरं दुसरी मिळवून द्यायची.

तीन वर्षांपूर्वी नागपूरच्या सरकारी दवाखान्यात एका डॉक्टरबाईंनी आजार ओळखला. दर आठ आठवड्यांनी शिरेतून एक औषध सुरू केलं. त्या प्रकारच्या औषधांना बायोलॉजिक म्हणतात. भडकलेल्या ताकदीला ते लगाम घालतं. आम्ही घरी त्याला नुसतं सुई म्हणतो. सोबत स्टेरॉइडची गोळी. मी माणसात आलो. पण आतड्याचा एक भाग आधीच आवळला गेला होता आणि तो कापावा लागणार होता. बाईंनी तेव्हाच बजावलं होतं, "ऑपरेशन कुठंही करा. पण सर्जनला आणि भूल देणाऱ्याला, दोघांनाही सुईची तारीख सांगा. आणि ही गोळी एकदम बंद करायची नाही. जीवावर बेतेल."

मग एक दिवस आतडं पार अडलं. नागपूरपर्यंत जाण्याची ताकद नव्हती. हिंगणघाट रोडवरच्या एका खाजगी दवाखान्यात भरती झालो. नाव सांगत नाही. असे दवाखाने पुष्कळ आहेत.

सांगायचं ते मी पहिल्याच दिवशी सांगितलं. छोटा डॉक्टर फॉर्म भरत होता.

"बीपी आहे? शुगर?"

"नाई. पण मले सुई चालू हाय, नागपूरची. आन् एक गोळी."

"बीपी-शुगरची गोळी आहे का?"

"ते नाई."

त्यानं काहीतरी लिहिलं आणि पान उलटलं. संध्याकाळी सिस्टरनं माझी स्टेरॉइडची पाकिटं काढून घेतली. बाहेरची औषधं इथं चालत नाहीत म्हणाली. मी म्हटलं, बंद करायची नाही ती. ती म्हणाली, साहेबांना विचारते. राउंडला मी साहेबांनाच सांगायला गेलो, तेव्हा पिशवी बुटानं सरकली आणि दारूचा विषय निघाला.

दोन दिवस गोळी नाही. उठून बसलो की डोळ्यांपुढं अंधारी यायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी हिरवा गाऊन घालून मला ऑपरेशन थिएटरच्या दाराशी नेलं. स्ट्रेचरवर पायाशी माझा केसपेपर ठेवला होता. मी तो उचलला. इंग्रजी मला फाडफाड येत नाही, पण पेशंट सवाऱ्यांच्या चिठ्ठ्या वाचून वाचून डोळा तयार झाला आहे. चालू औषधांच्या रकान्यापुढं एकच शब्द होता. निल.

मी दोनदा सांगितलं होतं. बायकोनं एकदा सांगितलं होतं. आणि कागदावर निल. टेबलावर माझं काही बरंवाईट झालं असतं, तर हा कागद म्हणाला असता की या माणसाला कसलंच औषध चालू नव्हतं.

मी स्ट्रेचरवरून उतरलो. सलाइनची बाटली हातात धरली आणि दारात फरशीवर बसलो.

"मी आत येत नाई. पयले माह्यं औषध लिवा."

रंजना धावत आली. "अवं, काऊन असं करून राह्यले? साहेब चिडतीन ना. अडला हरी गाढवाचे पाय धरते, चूप बसा."

"दोन दिवसांपासून धरूनच राह्यलो, रंजना. आता नाई."

साहेब आतून बाहेर आले. हातमोजे घातलेले हात वर धरून उभे राहिले. "काय तमाशा आहे? कुठली सुई?" मी नाव सांगितलं, तारीख सांगितली. त्यांचा चेहरा बदलला. भीतीनं बदलला, मी पाहिलं. आणि मग भीतीचा राग झाला.

"हे आत्ता सांगतोस? प्रतिकारशक्ती मारणारं औषध घेतोस आणि लपवतोस? तुम्हा लोकांना झाडपालाच बरा. इतकी महागडी सुई तुला दिली तरी कोणी?"

चोराच्या उलट्या बोंबा. म्हणालो, "साहेब, मी लपवलं नाई. तुमी आयकलं नाई. फाइल तुमच्या बुटाले लागली होती, तिच्यात सगळं लिवून हाय."

बाहेरच्या बाकांवर बसलेली माणसं उठून उभी राहिली.

सिस्टरनं एक कागद आणला. रुग्ण स्वतःच्या मर्जीनं दवाखाना सोडत आहे, करा सही. मी पेन घेतलं आणि सहीच्या जागी लिहिलं: मी जात नाही. माझं औषध कागदावर नाही म्हणून थांबलो आहे.

तेवढ्यात भूल देणाऱ्या बाई पोचल्या. त्या याच दवाखान्याच्या नव्हत्या. ऑपरेशन असेल तेव्हाच यायच्या. त्यांनी फरशीवर माझ्याशेजारी टेकून फाइल पाहिली. बीपी मोजलं, ते फार खाली होतं. उठून साहेबांना म्हणाल्या, "याचं स्टेरॉइड दोन दिवस बंद आहे. मी आज भूल देणार नाही." मग तिथंच नागपूरच्या डॉक्टरबाईंना फोन लावला. बोलणं झाल्यावर मला नीट समजावलं. सुई घेतली आहे म्हणून ऑपरेशन नाकारायचं कारण नाही. खरा घोर स्टेरॉइडचा, उतरलेल्या वजनाचा आणि कमी रक्ताचा आहे. केसपेपरवर त्यांनी वेळ टाकून लिहिलं आणि मला वाचून दाखवलं: माहिती रुग्णानं स्वतः दिली, आधीची नोंद नाही.

स्टेरॉइड शिरेतून सुरू झालं. रक्त चढवलं. नळीनं पोट मोकळं केलं. चार दिवसांनी ऑपरेशन झालं, त्याच साहेबांच्या हातून. हात चांगला आहे त्यांचा, हेही सांगतो. हात चांगला म्हणून तोंडाला सूट मिळत नाही.

जखमेत थोडा पू झाला, चार-सहा ड्रेसिंगांत आटोक्यात आला. मग सुट्टीचं कार्ड हातात पडलं. मी वाचलं. शेवटून दुसरी ओळ: रुग्णानं औषधांची माहिती लपवल्यामुळं जखमेत संसर्ग.

रंजना पिशवी भरून तयार होती. म्हणाली, "जीव वाचला ना? चला आता घरी." तिचं चुकत नव्हतं. लेकरं शेजाऱ्यांकडं होती, ऑटो पावसात उभा होता. पण हा आजार कापून संपत नाही. उद्या पुन्हा पोट उघडावं लागलं, तर नवा डॉक्टर आधी हे कार्ड वाचेल. त्यावर मी खोटारडा असेन. खोटारड्याचं कोण ऐकतं?

मी खाटेवर मांडी घालून बसलो.

सिस्टर म्हणाली, "भाऊ, खाट सोडा, दुसरा पेशंट येऊन राह्यला." मी म्हटलं, "साहेबाले बोलवा. आन् केसपेपर आणा." दुपार टळली. साहेब आले. मी त्यांना भूल देणाऱ्या बाईंनी लिहिलेलं पान उघडून दाखवलं. या वेळी त्यांनी मला "तू" म्हटलं नाही. ओळ खोडली, बाजूला सही केली, सिस्टरला नवं कार्ड करायला सांगितलं. त्यावर सुईचं नाव, शेवटची तारीख, स्टेरॉइडची मात्रा. मी ते उभ्याउभ्या पूर्ण वाचलं. आभार मानले नाहीत. माझंच होतं ते.

आता स्टँडवरून कुणी पेशंट दवाखान्यात न्यायचा असला की मी त्याला वाटेत विचारतो, कोणती औषधं चालू आहेत, आणि ती आत गेल्यावर लिहून घ्यायला लावतो. काही जण माझ्यावर खेकसतात. खेकसू द्या.

माझं ऑपरेशन पुन्हा होऊ शकतं, नागपूरच्या डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितलं आहे. होऊ दे. मी पळणार नाही. पण माझी औषधं माझ्यासमोर कागदावर उतरतील, मी ती स्वतः वाचेन, आणि तोवर माझ्या पोटाला कुणाचीही सुरी लागणार नाही.