मागची खुर्ची

शेखरने दोन माणसांच्या, स्वतःचं इंजिन असलेल्या ग्लायडरचं डिझाइन करायला घेतलं, तेव्हा पुढची खुर्ची त्याने आपल्या मापाची आखली आणि मागची आप्पांच्या. आप्पा म्हणजे त्याचे वडील भिमाजी, गंगापूर रोडच्या मागे झेंडूचा मळा करणारा आडदांड गडी. त्यांना पंपघराच्या भिंतीला टेकवून बसवलं आणि कोळशाने भोवती रेघ ओढली.

"बसवायचं हाय का गाडायचं हाय रं मला?" आप्पांनी विचारलं.

"पहिल्यांदा तुम्हीच बसायचं, आप्पा."

नव्वदचं दशक त्यातच सरलं. इंजिनाने वर चढायचं, मग इंजिन घडी होऊन पोटात जायचं आणि लांबलचक पंखांनी नुसत्या वाऱ्यावर तरंगायचं. मागची खुर्ची त्याने नेमकी तोलावर ठेवली होती. तिथे कोणीही बसलं तरी नाक वर-खाली व्हायचं नाही.

विमान दाखवायच्या दिवशी मुंबईचे बडे पाहुणे आले. आप्पा बाजारात फुलं टाकून तसेच आले. डोक्याला लाल पटका, धोतराला चिखल, हातात पाहुण्यांसाठी हार. आल्या आल्या ओरडले, "माझी शीट कंची?" पाहुणे हसले आणि शेखरचे कान तापले. एवढा शिकलेला माणूस, पण त्या हसण्यापुढे त्याची जीभ घसरली.

"आप्पा, तुमचं वजन जास्त होतंय. नाही बसता येणार."

धडधडीत खोटं. आप्पांनी हार त्याच्याच हातात दिला. "ऱ्हाऊ दे मग. इमान महत्त्वाचं." ते माघारी गेल्यावर त्यांच्या खुर्चीत त्यांच्याहून ढेरपोट्या पाहुणा बसला.

त्यानंतर शेखर मळ्याकडे फिरकेना. कोणत्या तोंडाने जाणार?

दिवाळीनंतर आप्पाच हँगरमध्ये आले. गाल बसलेले, सदरा अंगावर लोंबणारा. शेखरने त्यांना आधी ओळखलंच नाही.

"भात सोडला, भाकरी अर्धी केली," आप्पा म्हणाले. "फुलं तोलायच्या काट्यावर रोज उभा ऱ्हातो, हमाल लय हसत्यात. आता तरी झेपन का तुह्या इमानाला?"

शेखरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरं सांगायला त्याने तोंड उघडलं आणि म्हणाला, "बसा."

बसताना आप्पांनी पटका उतरवून मांडीवर घेतला. त्यांच्याच मापाच्या खुर्चीत आता दोन्हीकडे जागा उरत होती. शेखरने उशा कोंबल्या, पट्टे आवळले.

इंजिन घरघरत होतं तोवर बरं होतं, बोलावं लागत नव्हतं. अंजनेरीच्या वर आल्यावर त्याने ते बंद करून पोटात घेतलं. ही शांतता त्यानेच इतकी वर्षं खपून घडवली होती. आता मागचा श्वाससुद्धा ऐकू येत होता.

"शेखर, हितं शीटच्या पाटीवर जास्तीत जास्त एकशे धा लिवलंय. किलोच ना?"

"हो."

"म्या तवा पंच्याण्णव भरत व्हतो."

शेखरला मान वळवायचा धीर झाला नाही. शरमेने त्याचे डोळे भरून आले आणि समोरचा डोंगर दिसेना.

मागे कापड झटकल्याचा आवाज झाला.

"पटका बांधू का रं आता?" आप्पांनी विचारलं. "हितं पाव्हनं कोनी नाय."