पिस्तुलातले गिरणीचे तेल

दसरा जवळ आला की ती घटना आठवतेच, आणि आजही माझी मान खाली जाते. पकडलेल्या गुन्हेगारांच्या गोष्टी मी पुष्कळ सांगितल्या आहेत. ही मात्र घरातही कधी सांगितली नाही.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची वर्षे होती. मी लालबागच्या बाजूला फौजदार होतो. रोज कुठे सभा, कुठे मोर्चा, आणि आम्ही बंदोबस्ताला. चाळींत खाकी दिसली की बायका दारे लावून घेत. आम्हीही मराठीच, पण त्या दिवसांत आम्हाला कोणी आपले म्हणत नसे. त्याचा राग माझ्या मनात साचत गेला होता. तो कुणावर निघाला, तेच सांगायचे आहे.

एका खबऱ्याने बातमी आणली की एका चाळीच्या जिन्याखाली, जुन्या पत्र्यांमागे पिस्तूल लपवलेले आहे. मी बंदोबस्तात अडकलो होतो, म्हणून ठाण्यातले एक जुने हवालदार दोन पंच घेऊन गेले. फडक्यात गुंडाळलेले पिस्तूल त्यांना मिळाले. त्यांनी पंचनामा केला. मुद्देमालाचे सील माझ्या सहीने व्हायचे होते, पण मी चार दिवस ठाण्यात टेकलोच नाही. पिस्तूल तसेच कपाटात राहिले.

पाचव्या दिवशी ते हातात घेतले. आमच्याकडे सगळी रिव्हॉल्व्हरे. असे अर्धस्वयंचलित पिस्तूल क्वचितच येई. प्रशिक्षणात हत्यारांच्या उस्तादांनी ते खोलायला शिकवले होते आणि मला त्याचा तोरा होता. वरचा सरकता भाग मागे ओढला, तर बोटे तेलाने माखली. वास घेतला. खोबरेल नव्हते, बंदुकीचे तेलही नव्हते. पाण्यासारखे पातळ, गिरणीत सूत कातणाऱ्या चात्यांना घालतात ते. पंचनामा पुढ्यातच होता. तो वाचायची मला गरज वाटली नाही.

त्या चाळीत सूतखात्यात तेल द्यायच्या कामावर असलेला एकच माणूस राहत होता. मालवणकडचा, चाळिशीचा, घरी बायको आणि दोन मुली. झडती घेतली, तर बायकोच्या शिवणयंत्रामागे त्याच तेलाची बाटली निघाली. मी त्याला अटक केली, कोर्टातून कोठडी घेतली आणि मनात म्हटले, काम फत्ते.

दोन दिवस त्याला उलटसुलट विचारले. बाटली शिवणयंत्रासाठी आणली, पिस्तूल आपण जन्मात पाहिलेले नाही, यापलीकडे तो जाईना. तिसऱ्या दिवशी मी पिस्तूल त्याच्यासमोर धरले आणि सरकता भाग ओढून दाखवला. दोनचार थेंब टेबलावर सांडले. त्याने न विचारता खांद्यावरचा पंचा काढला आणि टेबल पुसले. मग म्हणाला, "सायब, ह्या माझ्या हातचा काम नाय. एवढा तेल कोण घालता? धूळ धरतली. जंय घासता थंय एक थेंब, नि वरचा पुसून काढूचा."

हत्यारांचे उस्तादही नेमके हेच सांगत. पातळ तेल, सरकत्या खाचांना एकेक थेंब, आणि मग कोरड्या फडक्याने असे पुसायचे की बोटाला फक्त ओशटपणा लागावा. माझ्या डोक्यात तेव्हा उजेड पडायला हवा होता. मी मात्र उलटे धरले. याला इतके माहीत आहे, म्हणजे हाच तो. मी त्याच्या कानशिलात लगावली. एकदा नाही.

दुसऱ्या दिवशी पिस्तूल तपासणीला पाठवायचे म्हणून वर्णन लिहायला ते पूर्ण खोलले. आतल्या खाचेत काहीतरी अडकले होते. टाचणीने काढले. तेलात भिजलेला, कुंकू लागलेला तांदळाचा दाणा होता.

मग पंचनामा वाचला. हवालदारांच्या वळणदार अक्षरात लिहिले होते : पिस्तूल कोरडे, सरकत्या भागावर गंज. मी त्यांना बोलावून विचारले. त्यांना त्यात काही वावगे वाटतच नव्हते. "खंडेनवमीला सगळी हत्यारं तेलपाणी करून पूजेला मांडली, साहेब. ते एकटं कसं वगळायचं? हत्याराला काय गुन्हा कळतो?" ठाण्यातले तेल संपले होते, म्हणून त्यांनी गिरणीतल्या मेव्हण्याकडून बाटली आणली होती आणि श्रद्धेने सढळ हाताने ओतली होती.

त्याला सोडले. कागदावर लिहिले, 'पुराव्याअभावी'. खरे लिहिले असते, तर सील न केलेला मुद्देमाल, न वाचलेला पंचनामा, हवालदारांचे पेन्शन आणि माझी बढती सगळेच उघड्यावर आले असते. पिस्तुलाचा मालक शेवटपर्यंत सापडला नाही.

जाताना त्याने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. डावा कान हाताने दाबून, उजवा माझ्याकडे करून तो म्हणाला, "गिरणीत एक चिठ्ठी द्याल, सायब? चुकून धरलो म्हणून. नायतर घेवचे नाय." मी म्हटले, उद्या ये.

तो दुसऱ्या दिवशी सकाळीच आला. मी खोलीत बसलो होतो. हवालदारांना सांगितले, साहेब बंदोबस्ताला गेलेत म्हणा. दाराच्या फटीतून मला तो बाकावर बसलेला दिसत होता. हवालदार काय सांगत होते ते त्याला नीट ऐकू जात नसावे, कारण त्यांना दोनदा सांगावे लागले. दुपारपर्यंत बसून तो गेला. पुढे कळले की गिरणीने त्याच्या जागी बदली कामगार कायम केला आणि ते बिऱ्हाड गावी गेले.

या प्रकरणाने काय शिकवले, असे विचाराल, तर पंचनामा आधी वाचावा, हे मी नव्या फौजदारांना शिकवत आलो. पण ते सांगणे सोपे होते. हात उचलला तो रागाच्या भरात, असे मनाला समजावता येते. त्या सकाळी मी शांत होतो, टेबलावर कोरा कागद होता, पेनात शाई होती. ज्या टेबलावरचे तेल त्याने स्वतःच्या पंच्याने पुसले होते, त्याच टेबलामागे मी तो जाईपर्यंत लपून बसलो.