आईला करमत न्हाय, एवढीच तार

संस्थान विलीन झालं आणि कचेरीतली माझी कारकुनी गेली. मग शाहूपुरीत पोस्टाबाहेर, लिंबाच्या झाडाखाली पेटी मांडून लोकांची पत्रं, अर्ज, तारा लिहायला बसलो. दिवसभर दुसऱ्यांचं क्षेमकुशल लिहून जीव इतका विटायचा, की घरी बायकोनं "काय म्हणताय?" विचारलं तरी नको वाटायचं. लष्करातल्या पोराला रजा हवी असली की घरून एकच तार जायची. 'मदर सीरियस, कम सून.' कुणी खरंच गेलं असलं तरी हीच जायची, वाटेत पोराच्या पायातलं बळ जाऊ नये म्हणून. किती धडधाकट आया मी मरणाच्या दारात नेऊन बसवल्या, देवालाच ठाऊक.

उचगावची एक बाई म्हैस घेऊन रोज सकाळी आमच्या गल्लीत यायची आणि दारात धार काढून द्यायची. मी तिला मावशी म्हणायचो, ती मला मास्तर. मी उभ्या जन्मात कुणाला शिकवलेलं नाही, पण आमच्याकडं नाकावर चष्मा आला की माणूस मास्तर होतो. तिचा नवरा वारलेला, एकुलता एक मुलगा उत्तरेत पलटणीत. दोन वर्षं आला नव्हता. घरून तार आली तर साहेब रजेचं बघतो म्हणाला, असं त्याचं पत्र आलं, तेव्हा ती दूध आटोपून माझ्यापुढं येऊन बसली.

"लिवा मास्तर. आईला करमत न्हाय, चार दिस येऊन जा."

मला हसू आलं. "मावशी, तार इंग्रजीत जाते. साहेबाला हे कळायचं नाही."

"का? त्येला आई न्हाय व्हय?"

कचेरीत पंधरा वर्षं मी मराठीचं इंग्रजी केलं. वतनाचे कज्जे केले, बांधावरच्या मारामाऱ्या केल्या, कुठं अडलो नाही. इथं अडलो. एकटी आहे म्हणावं, तर तिच्या दारात बायकांचा बाजार भरलेला. दुःखी म्हणावं, तर शिव्या हासडून हसणारी. कंटाळली म्हणावं, तर पहाटेपासून तिला मान वर करायला सवड नाही. हात कामात असतात, भाकरी घशाखाली उतरते, आणि तरी करमत नाही. हे त्या साहेबाला कुठल्या शब्दानं सांगायचं?

"आई आजारी आहे, असं लिहू या," मी म्हणालो.

ती ताडकन उठली. "शुभ बोला की! वास्तू तथास्तु म्हणती. माझ्या तोंडानं असलं वंगाळ कवा निघालं न्हाय, पोरगंबी जाणतंय. करमत न्हाय, तेवढंच लिवा."

मागं चौघंजण खोळंबलेले. ऊन तापलेलं. वाद घालायचं त्राण माझ्यात नव्हतं. "बरं," म्हणालो आणि फॉर्मवर हाताच्या सवयीनं नेहमीचंच लिहिलं.

"लिवलासा न्हवं, म्या सांगिटलं तसंच?"

"लिहिलं, मावशी."

तिनं तो कागद कपाळाला लावला आणि आत खिडकीवर देऊन आली.

पोरगा आल्याचं गल्लीत कळलं, तेव्हा मला बरंच वाटलं. खोटं बोललो, पण लेकरू आईला भेटलं ना, मग झालं! मावशी आठवडाभर म्हैस घेऊन आली नाही. लेकाला करून घालत असेल, असं मी धरून चाललो.

मग एक दिवस ती आली. म्हैस नव्हती. समोर उभी राहिली, बसली नाही.

"त्यो आला तवा मी धार काढीत हुते," ती म्हणाली. "बघते तर दारात पोरगं उभं. डोकं भादरल्यालं! माझ्या हातातली चरवी पडली. म्हटलं, कोण मेलं रं? तर म्हणतो, तू."

रजा मिळून निघेपर्यंतच पाच दिवस गेले होते. दुसऱ्या कुणाच्या आईची तार असती, तर तो हसला असता. पण आपली आई खोटं अभद्र कळवणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक. म्हणजे ती गेलीच, असं समजून मिरजेला गाडी बदलताना तो न्हाव्यापुढं बसला होता.

मला माझीच लाज वाटली. "चुकलो मावशी," मी म्हणालो. "पण खरं लिहिलं असतं तर त्याला सोडलंच नसतं."

"नसता आला."

"अहो, पण—"

"नसता आला, मास्तर! पर आईला करमत न्हाय, एवढं त्येला कळलं असतं. चार दिस हुता. माझ्याकडं बघायचा आन् रडायचा. मग त्येलाच मी उगी करीत बसले. आता गेला." तिनं पदरानं तोंड पुसलं. "माझं सांगायचं ऱ्हायलंच की."